नाप की माप

आमच्याकडं तोंडावर कुणी कुणाला वाईट म्हणत नाही. भाजी खारट झाली तरी पाहुणा 'झकास' म्हणून ताक मागतो, आणि काय बोलायचं ते वेशीबाहेर गेल्यावर बोलतो. अशा मुलखात आमच्या सरांनी वेबसाईट शिकवायचा क्लास काढला आणि शनिवारचा एक तास नुसता चुका काढायला ठेवला. यातून काहीतरी विपरीत होणार हे तेव्हाच कळायला हवं होतं.

आमच्या वाशीच्या, मुंबईजवळच्या नव्हे, तालुक्याच्या वाशीच्या बाजारपेठेत एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर क्लास होता. शनिवारी एकेकाचं पान भिंतीवरच्या टीव्हीवर लावायचं आणि बाकीच्यांनी त्यातली एक तरी चूक सांगायची. 'छान आहे' म्हणणाऱ्याला सर उभं करत. पहिल्या शनिवारी झाडून सगळा वर्ग उभा होता.

कोर्स संपल्यावर आमच्यातल्या एकाला सर क्लासवरच कामाला ठेवणार होते. ती जागा मला हवीच होती. घरात माझा फोटो पाहुण्यांना दाखवायला सुरुवात झाली होती, आणि नोकरी लागली तर वर्षभर तो विषय बंद, एवढं आईनं घरच्यांकडून भांडून कबूल करून घेतलं होतं. माझ्या तोडीचं काम करणारी वर्गात एकच होती, माझ्या शेजारी बसणारी माझी मैत्रीण. गावातल्या जुन्या मुसलमान टेलरची मुलगी. तिच्या डब्यातली खट्टी डाळ मी खायची, माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी ती. त्या जागेबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

मी मामांच्या बी-बियाण्याच्या दुकानाचं पान केलं होतं. वर कुलस्वामिनी प्रसन्न, त्याखाली आजोबांचा हार घातलेला फोटो, मग मामा, मग मामांचे तिघे भाऊ, मग त्यांची मुलं, आणि तळाशी 'शुभेच्छुक' म्हणून पुन्हा सगळ्यांची नावं. हसू नका. आमच्याकडं चौकातल्या बॅनरवर एखाद्याचा फोटो राहिला तर दोन-दोन वर्षं बोलणं बंद होतं. एकाचंही तोंड दुसऱ्यापेक्षा मोठं होऊ नये म्हणून मी तीन दिवस झटले होते आणि त्याचा मला अभिमान होता.

माझं पान टीव्हीवर लागलं तेव्हा मैत्रीण उठली. "ह्ये तर बॅनर झालंय," ती म्हणाली. "बी कुठलं मिळतं, दुकान कवा उघडतं, फोन कुठं लावायचा, कायबी न्हाय. लोक काय मामाचं तोंड बघायला येनार हायत का?"

वर्ग खो-खो हसला. सरही हसले आणि म्हणाले, "याला म्हणतात चूक काढणं."

खाली बसताना तिनं हळूच विचारलं, "राग आला का गं?"

"न्हाय की," मी म्हणाले.

खरं बोललं की सख्ख्या आईला राग येतो, मी तर नुसती मैत्रीण. ती म्हणाली ते अक्षर न् अक्षर बरोबर होतं, आणि म्हणूनच मला ते सोसलं नाही. तो आठवडा मी माझं पान दुरुस्त करण्यात घालवायला हवा होता. मी तो तिच्या पानातली खोट शोधण्यात घालवला.

तिनं वडिलांच्या दुकानाचं पान केलं होतं. पांढरं स्वच्छ. कापडावर ठेवलेल्या वडिलांच्या हातांचा एकच फोटो, दुकानाची वेळ, फोन नंबर, आणि ठळक अक्षरांत एक ओळ: 'कापड घेऊन या, नाप द्या, चौथ्या दिवशी घेऊन जा.' खोट काही सापडेना. शुक्रवारी सापडली.

"नाप न्हाय, माप," शनिवारी मी उठून म्हणाले. "मराठीत माप म्हनतेत. पान मराठी हाय ना? मग आधी भाषा तरी नीट लिहायची."

मग मागच्या बाकावरून आवाज आला, "त्यांना काय कळतंय मराठी." आणि वर्ग हसला. आदल्या शनिवारी तो माझ्या पानाला हसला होता. या शनिवारी तो तिला हसला. सर म्हणाले, "भाषेचा मुद्दा बरोबर आहे," आणि पुढचं पान लावायला सांगितलं. मागच्या बाकाला ते एका शब्दानं बोलले नाहीत. मीही नाही.

तिनं की-बोर्ड ओढला, 'न' पुसून 'म' केला, आणि म्हणाली, "सुधारलं, सर."

आता खरं सांगते. आमच्या घरात नापच म्हणतात. आई म्हणते, काकू म्हणते, अख्खी वाशी शिंप्याला नापच देते. कपड्यासाठी 'माप' हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा त्या दिवशी वापरला. ती चूक नाही हे मला बोलतानाही ठाऊक होतं. मला फक्त तिला खाली बसवायचं होतं. आणि कुठं टोचलं म्हणजे ती उलटून बोलणार नाही, हेही मला चांगलं ठाऊक होतं.

सोमवारी ती आली नाही. पुढंही आली नाही. सरांनी फोन केला तर वडील म्हणाले, दुकानात काम वाढलंय. जागा मला मिळाली. आज त्याच माडीवर मी शिकवते आणि शनिवारचा तासही मीच घेते. टीका कामावर करायची, माणसावर नाही, असं नव्या मुलांना सांगते. मुलं ते वहीत लिहून घेतात. मला त्या वाक्याची आणि ते बोलणाऱ्या तोंडाची किळस येते.

मध्यंतरी चुलतबहिणीचं लग्न निघालं. आई मला ब्लाऊज शिवायला मैत्रिणीच्याच दुकानात घेऊन गेली. आईला यातलं काही माहीत नाही. मी दुसरीकडं जाऊ म्हणाले तर म्हणाली, "त्यांच्यासारखा हात हाय का कुनाचा?" मैत्रिणीचे वडील आता थकलेत, बायकांचं काम तीच बघते.

"हिचा नाप घे गं माय," आई तिला म्हणाली. "लई सैल नगं."

ती टेप घेऊन उठली. मला वाटलं, आता बोलेल. मी ऐकून घ्यायला तयार होते, ऐकायचंच होतं मला. ती समोर आली आणि म्हणाली, "हात वर करा. माप घेते."

आई हसली. "माप काय? जवारीचं पोतं हाय का ती? नाप म्हन की."

"न्हाय मावशी," वहीत आकडा लिहीत ती म्हणाली. "मराठीत माप म्हनतेत."