चौघांचं पटतंय का

दाजींना भंगारवाल्याशी फोनवर बोलताना ऐकलं, तेव्हा माझा कानांवर विश्वास बसेना. ज्या माणसाने चाळीस वर्षं लोकांच्या मरणपंथाला लागलेल्या गाड्या उठवून उभ्या केल्या, तो स्वतःची गाडी रविवारी वजनावर द्यायला निघाला होता. गाडी गेली की गॅरेजला कुलूप आणि मुक्काम लेकीकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत. त्या खोलीचं नाव काढलं तरी त्यांचा चेहरा पडायचा.

"इंजिन संपलंय," ते म्हणाले. "आता इथे बसून काय करू?"

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताईला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मी गॅरेजमध्ये जातो. जातो म्हणजे स्टुलावर बसतो, ते पाने पुसतात आणि मी एकटाच बडबडतो. मी जन्मभर शाळेत कारकुनी केली, यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण कम्प्रेशनचं गणित ऐकून ऐकून पाठ झालंय. स्पार्क प्लग काढायचे, एकेका भोकात गेज बसवायचं, सेल्फ मारायचा आणि काटा कुठवर चढतो ते बघायचं. सिलिंडर हवा किती दाबून धरतो ते त्यातून कळतं. "जुन्या इंजिनात आकडा किती, यापेक्षा चौघांचं आपसात पटतंय का ते बघावं," असं दाजी सांगायचे. एखादाच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, ढिम्म राहिला तर व्हॉल्व्ह.

हे काम दोघांचं. दाजी बॉनेटखाली डोकं घालून ओरडायचे, "मार!" आणि आत बसलेली ताई सेल्फ मारायची. मग उतरून फळ्यावर आकडे लिहायची. त्यांच्या स्वतःच्या गाडीचे शेवटचे आकडे तिच्या तिरक्या अक्षरात अजून होते: १३२, १३०, १३३, १३१. त्याखाली दाजींनी परवा लिहिलेले: ८४, ८२, ८५, ८३.

"दोन वर्षं उभी होती. नवी बॅटरी टाकली, सुरू करण्याआधी तपासली, तर हे. ऑइल सोडलं तर चारही चढले. रिंगा गेल्या."

"पण चौघांचं पटतंय की! आणि चौघे एकाच दिवशी आजारी कसे पडले? शाळेला दांडी मारायचीय का त्यांना?"

"तू आपले दाखले लिही," दाजी खेकसले.

पण मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, पुन्हा करा, मी सेल्फ मारतो. ते म्हणाले, गरज नाही, स्टार्टरला वायर लावून बटण केलंय, बॉनेटपाशी उभं राहूनच दाबता येतं. मी ऐकलंच नाही आणि ड्रायव्हरच्या बाजूने आत शिरलो. ताई बुटकी, त्यामुळे सीट पार पुढे ओढलेली. माझे गुडघे स्टिअरिंगला भिडले. मी खाली हात घालून खटका शोधायला लागलो.

"सीट हलवू नकोस!"

मी दचकलो, डोकं टपाला आपटलं. दाजी खाली बघत हळू म्हणाले, "तशीच राहू दे."

मग त्या बटणाचा अर्थ मला कळला. दोन वर्षांत हा सहा फुटी माणूस त्या सीटवर एकदाही बसला नव्हता. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. दर शनिवारी समोर बसून मला हे दिसलं नाही, म्हणून स्वतःचाही आला.

मी तसाच अंग चोरून बसलो. "मार!" मी चावी फिरवली. बॉनेटआडून गेजवर टिचकी मारल्याचा आवाज आला. "पुन्हा मार." मी पुन्हा फिरवली.

"पाय कुठाय तुझा?"

"कुठे असणार? हलायला जागा आहे का? ॲक्सिलरेटरवर रुतलाय पार."

"काढ." मी कसाबसा काढला. "मार."

दाजी खिडकीशी आले. "पाय होता तेव्हा एकशे एकोणतीस. काढल्यावर चौऱ्याऐंशी." त्यांनी गेज माझ्यापुढे धरलं. "ॲक्सिलरेटर दाबल्याशिवाय हवेची वाट उघडत नाही. आत हवाच कमी गेली तर सिलिंडर दाबणार काय? कालचं पोरही सांगेल हे."

"मग तुम्ही कसे विसरलात?"

"तिला पहिल्या दिवशी एकदा सांगितलं असेल. नंतर मी नुसतं 'मार' म्हणायचो. पाय तीच दाबून धरायची. तेही एक काम असतं, हे एकट्याने बटण दाबताना माझ्या डोक्यातूनच गेलं."

मग मी पाय दाबून धरला आणि उरलेले तिन्ही सिलिंडर मोजले; चौघांचंही पटलं. दाजींनी फळ्यावरचे स्वतःचे आकडे पुसले, ताईच्या आकड्यांखाली नवे लिहिले आणि भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. मी खुशीत म्हणालो, "चला, एक चक्कर मारून येऊ."

"चालवायची तर सीट मागे घ्यावी लागेल," ते म्हणाले. "बघू पुढच्या शनिवारी."

त्याला आता चार महिने झाले. मी जातो, स्टुलावर बसतो. दाजी बाहेरूनच खिडकीतून हात घालतात आणि चावी फिरवतात. इंजिन एका फटक्यात सुरू होतं. दारावर हात ठेवून ते दहा मिनिटं ऐकत उभे राहतात, मग बंद करतात. गाडी अजून जागची हललेली नाही.