बारामतीपर्यंत धरलेली जागा

…तर ताईबाईनं हात आडवा केला की गाडी थांबायचीच. काल जेवणाची हाक आली आणि गोष्ट तिथंच रस्त्यावर उभी राहिली. काल जे नव्हते त्यांच्यासाठी एवढंच, की हा आमचा बोरमळ्याचा फाटा, इंदापूर-बारामती रस्त्यावरचा. साल चौऱ्याण्णव नाहीतर पंच्याण्णव. तेव्हा दारोदार फटफट्या झाल्या नव्हत्या. बारामती गाठायची तर सकाळची गाडी, आणि ती हुकली की दिवस हुकला; मागनं येणाऱ्या गाड्या फाट्यावर क्वचितच थांबायच्या.

आता गंमत ऐका. ती गाडी इंदापुराहून निघतानाच भरलेली असे. वाटेत वालचंदनगरकडची माणसं कोंबून ती फाट्याला यायची तेव्हा दारात लोंबकळणाऱ्यांचे सदरे वाऱ्यावर फडफडताना लांबूनच दिसायचे. ड्रायव्हरही लांबूनच बघायचा. फाट्यावर घोळका दिसला, की त्याचा पाय ब्रेकवर जायचाच नाही. त्याचं तरी काय चुकलं म्हणा? एवढी माणसं तो ठेवणार कुठं, टपावर?

म्हणून फाट्यावरच्या लोकांनी एक युक्ती काढली होती. रस्त्याच्या कडेला उभी राहायची एकटी ताईबाई. पांढरं डोकं, काखेत बोचकं, दुसरं माणूस नाही. बाकी सगळे लपायचे. कुणी लिंबाच्या बुंध्याआड, कुणी चहाच्या टपरीमागं, कुणी उसाच्या कडेला. कचेरीतला कारकून महिपती रोज इस्त्रीचा बुशकोट घालून यायचा आणि पाटाच्या कोरड्या चारीत चप्पल हातात घेऊन बसायचा! ड्रायव्हरला वाटायचं, एक म्हातारी तर आहे, घेऊ. गाडी थांबली रे थांबली, की लिंबाला माणसं फुटायची, उसाला माणसं फुटायची. कंडक्टर कपाळावर हात मारून घ्यायचा.

"अहो बाई, तुम्ही एकट्या व्हता न्हवं?"

"एकटीच हाय की मास्तर," ताईबाई म्हणायची. "ही समदी देवानं धाडली."

"तुमचा तर देवावर इस्वास न्हाय म्हणं?"

"माझा न्हाय. पर देवाचा माझ्यावर हाय."

गाडीभर हशा व्हायचा, आणि कंडक्टरही हसत हसत डबल बेल द्यायचा.

ताईबाई फाट्याजवळच्या वस्तीवरची. नवरा लवकर गेला. बारामतीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानी ती धान्य चाळायला जायची. दिवसभर चाळणी हलवून दंड असा घट्ट झालेला, की तो आडवा धरला म्हणजे रेल्वेचं फाटक पडल्यासारखं वाटावं. तिचं स्वतःचं एक शास्त्र होतं. ती म्हणायची, "हात वर केला की भीक मागितल्यावानी दिसतं. हात आडवा धरायचा. गाडीचा बिरेक ड्रायव्हरच्या पायात न्हाय बायांनो, माझ्या हातात हाय." आणि या ब्रेकचा तिला मोठा अभिमान. एखाद्या दिवशी ती आजारी पडली, तर फाट्यावरची माणसं तिच्या घरी चौकशीला जायची. औषध आणून द्यायची. माया होतीच, पण उद्याची गाडीही होती.

एक मात्र व्हायचं. गाडी नेहमी तिच्यापासून जरा पुढं जाऊन थांबायची. त्यामुळं लपलेली माणसं आधी दाराशी पोचायची आणि जिनं गाडी थांबवली ती शेवटी. मग भाजीवाली सिंधुबाई दारातून हात खाली करायची, "ये गं ताईबाई," आणि तिला वर ओढून घ्यायची. रोजचंच होतं ते. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. तिलाही नाही.

आता तिचं माहेर. माहेर सांगवीचं, बारामतीच्या पलीकडं. पण तिला विचाराल तर तिचं माहेर बारामतीच्या स्टँडवर, एका सिमेंटच्या बाकड्यावर होतं. थोरला भाऊ भानुदास दर बाजाराला सांगवीहून यायचा. आई गेली तेव्हा ताईबाई लहान होती. भानुदासानंच तिची वेणी घातली, तिला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, तिचं लग्न लावून दिलं. बाजाराच्या दिवशी ती यार्डातून सुटली की दोघं त्या बाकड्यावर बसायची. तो पिशवीतून कधी हरभऱ्याचा डहाळा काढायचा, कधी काकड्या. ती भाकरी सोडायची. बोलणं काय, तर तुझ्याकडं पाऊस झाला का, माझ्याकडं झाला. एवढ्यावर तिचा आठवडा निघायचा.

मग इंदापूरची गाडी लागायची. म्हातारा भानुदास गर्दीत घुसायचा आणि डोक्याचा टॉवेल काढून खिडकीतून आत सीटवर टाकायचा. आपल्याकडं टॉवेल पडला की जागा झाली. मोठमोठ्या मिशावाल्यांनी तो कायदा मोडलेला कुणी बघितला नसेल. ताईबाई आत जायची, टॉवेल उचलून बसायची. पण भानुदास खिडकी सोडायचा नाही.

"बसलीस का?"

"बसले दादा."

"नीट?"

"नीट बसले. टावेल घे तुझा."

तेव्हा कुठं तो खिडकीतून टॉवेल घ्यायचा, डोक्याला गुंडाळायचा आणि आपली सांगवीची गाडी बघायला वळायचा. ताईबाई खिडकीतून त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायची.

मार्च-एप्रिलचे दिवस होते. सकाळी ताईबाई फाट्यावर येते तोच दुधाची गाडी थांबली. दूधवाल्यानं खाली उतरून डोक्यावरची टोपी काढली. टोपी काढल्यावरच तिला कळलं.

"ताईबाई, सांगवीचा सांगावा हाय. भानुदासआबा पहाटं गेले. दुपारच्या आत न्हेणार म्हणत्यात, उन्हाचा कहर हाय. तुमचा भाचा संघपाल बारामतीच्या स्टँडवर यील तुम्हास्नी न्यायाला."

ताईबाई खाली बसली नाही, रडलीही नाही. रडायचं ते दादाचं तोंड बघून, असं तिच्या मनानं घेतलं. ते तोंड एकदा बघायचं, झाकायच्या आधी. तिला दुसरं काही नको होतं.

फाट्यावर बातमी पसरली. सिंधुबाईनं डोळ्याला पदर लावला. महिपती चारीतून वर आला.

"ताईबाई, आजच्याला तुमी बसून जायाचं. उभ्यानं न्हाय."

"महिपतराव, बसायचं ऱ्हाऊ द्या. मला आधी चढू द्या म्हंजे झालं."

"असं कसं? तुमास्नी आधी चढू दिलं तर जागा कोण धरणार? आमी फुडं जातो, टावेल टाकतो. तुमी काळजीच करू नगा."

ही माणसं वाईट नव्हती, हे ध्यानात ठेवा. उलट त्या दिवशी प्रत्येकाला तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं. तिथंच सगळा घोटाळा झाला.

गाडी दिसली. सगळे लपले. ताईबाई एकटी रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि तिनं हात आडवा धरला. गाडी थांबली. नेहमीसारखी जरा पुढं. लिंबाला माणसं फुटली, उसाला फुटली. रोज धावायची त्याच्या दुप्पट जोरानं धावली, कारण आज ताईबाईची जागा धरायची होती! महिपतीनं खांद्यानं वाट काढली. एका तरण्या पोराला दंड धरून उठवलं, "ऊठ, बाईला मयताला जायाचंय," आणि टॉवेल सीटवर टाकला. सिंधुबाई पाट्यांसकट आत ढकलली गेली. तिला वाटलं, महिपतीनं ताईबाईला हाताला धरून नेलंच असेल. महिपतीला वाटलं, सिंधुबाई तिला रोजच्यासारखी वर घेईल. कंडक्टरला वाटलं, झाली सगळी. डबल बेल वाजली.

ताईबाईचे दोन्ही हात गाडीच्या पत्र्याला लागले होते. तिनं पत्रा बडवला. "ऱ्हायले! मी ऱ्हायले!" पण आत एवढा गलका, की पत्र्याचा आवाज पत्र्यातच राहिला. गाडी गेली. धूळ तिच्या तोंडावर बसली, आणि त्या धुळीत ती हात आडवा धरून उभी. गाडी नसलेल्या रस्त्यावर.

आणि आत काय चाललं होतं? हे पुढं सिंधुबाईनंच सांगितलं. माणसं एका पायावर उभी, कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत, आणि मधोमध एक सीट रिकामी. तिच्यावर महिपतीचा टॉवेल, व्यवस्थित पसरलेला.

"कुठं हाय तुमची बाई?" उठवलेलं पोरगं कुरकुरलं.

"यील. मागं हाय गर्दीत," महिपती म्हणाला.

"मग येईस्तवर टेकतो की."

"खबरदार! मयताची जागा हाय ती."

कोण बसणार? मयताचं नाव निघाल्यावर एकाचीही हिंमत झाली नाही. एक पोटुशी बाई दांडा धरून उभी होती, तीसुद्धा बसली नाही. अशी ती जागा बोरमळ्यापासून बारामतीपर्यंत रिकामी गेली. एवढा मान ताईबाईला जन्मात मिळाला नव्हता, आणि तो घ्यायला ती गाडीत नव्हती.

स्टँडवर गाडी मोकळी झाली तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. टॉवेल तसाच होता. महिपतीनं तो गपचूप उचलला आणि खाली उतरला, तर समोर संघपाल उभा. डोळे सुजलेले, हातात मोटरसायकलची किल्ली, कुणाची तरी मागून आणलेली.

"बोरमळ्याच्या ताईबाई आल्या का ओ? माझी आत्या."

महिपतीला एक वाक्य बोलायचं होतं. चुकून मागं राहिल्या, येतील, थांबा. एवढंच. पण मग कशा राहिल्या, कुणामुळं राहिल्या, हेही सांगावं लागलं असतं. आजूबाजूला चार माणसं बघत होती. महिपतीनं टॉवेल खांद्यावर टाकला.

"न्हाय बा. आज दिसल्याच न्हाईत फाट्यावर."

संघपाल आणखी थोडा वेळ थांबला. त्यानं एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा वर उन्हाकडं, आणि किक मारून निघून गेला. सिंधुबाई पाट्या उतरवत होती. तिनं सगळं ऐकलं, पण तोंड उघडलं नाही. रोज एकाच गाडीनं जायचं असलं की माणसं एकमेकांचं बरंच झाकून नेतात.

इकडं ताईबाईनं मागच्या गाडीला हात केला. ती थांबली नाही. ड्रायव्हरनं बोटं हलवून दाखवलं, जागा नाही. जिच्या हातात ब्रेक होता तिच्यासमोरून गाड्या वाऱ्यासारख्या जात राहिल्या. शेवटी ऊस उतरवून आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं तिला मोकळ्या ट्रॉलीत घेतलं. पाचटात बसून ती हादरत हादरत बारामतीला पोचली. स्टँडवरच्या त्या बाकड्यावर दुसरंच कुणी पेरू खात बसलं होतं. सांगवीच्या गाडीत मात्र तिला जागा मिळाली, खिडकीजवळची. दुपारची गाडी, रिकामीच होती.

ती सांगवीत उतरली तेव्हा माणसं परत येत होती. पांढऱ्या कपड्यांतली, मान खाली घातलेली. तिला बघून संघपाल पुढं झाला.

"आत्या, आमी थांबलो हुतो गं. पर गाडीतनं उतरलेलं एक बुशकोटवालं, कारकुनावानी माणूस म्हणालं, तू फाट्यावर दिसलीच न्हाईस. मला वाटलं, तुला सांगावाच पोचला न्हाय."

ताईबाईनं फक्त विचारलं, "टावेल कुठं हाय दादाचा?"

टॉवेलही दादाबरोबरच गेला होता.

सांगवीत भानुदासासाठी बुद्धवंदना, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. ताईबाई वस्तीवर परत आली आणि एका सकाळी बोचकं घेऊन फाट्यावर उभी राहिली. फाट्यावरच्यांना हायसं वाटलं. ती नव्हती तेवढे दिवस निम्म्या वेळा गाडी थांबलीच नव्हती. सिंधुबाई लांबूनच पाट्या नीट करत राहिली. महिपती जवळ आला, तोंड पाडून.

"वाईट झालं, ताईबाई. पर खरं सांगतो, तुमची जागा पार बारामतीपातुर कुणाला बसू दिली न्हाय. टावेलाला हात लावू दिला न्हाय कुणाला."

"ऐकलं मी," ताईबाई म्हणाली. "लई उपकार झालं."

महिपतीचा जीव भांड्यात पडला. तो जरा रेंगाळला आणि म्हणाला, "मग फुडं व्हताय न्हवं? आज तपासणी हाय कचेरीत. मोठं साहेब यायचं हाय. येळंवर पोचाय पायजे."

ताईबाई पुढं झाली. रोजच्या जागी, रस्त्याच्या कडेला. बाकीचे लिंबाआड गेले, उसात गेले. महिपती चप्पल हातात घेऊन चारीत उतरला. गाडी आली. ड्रायव्हरनं म्हातारी ओळखली, गाडी हळू केली. ताईबाईनं हात वर घेतला, आडवा धरला नाही. माशी हाकलावी तसा पुढं झटकला. जा म्हणाली. ड्रायव्हरनं क्षणभर तिच्याकडं बघितलं, आणि वेग वाढवला.

लिंबाला माणसं फुटली, पण धुळीत.

"अगं बया! हाताला काय झालं तुझ्या?" सिंधुबाई ओरडली.

ताईबाईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. महिपती चारीतून धडपडत वर आला. एक चप्पल हातात, एक खालीच राहिलेली, इस्त्रीच्या बुशकोटाला माती.

"काय केलं हे, ताईबाई? साहेब आला असंल तितं! आता मी काय सांगू त्याला?"

ताईबाईनं बोचकं काखेत सारलं, वस्तीकडं तोंड केलं आणि म्हणाली, "सांगा की, महिपती आज फाट्यावर दिसलाच न्हाय म्हणून."