मूळ तेवढे आईचे

आमच्या परसात, न्हाणीचे पाणी जिथे जाऊन मुरे तिथे, माझ्या आईचा गुलाब होता. लग्नानंतर चिपळूणहून येताना त्याची फांदी मी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. जांभा पहारीने फोडून तिच्यासाठी खड्डा केला तो यजमानांनी. झाड गावठी, अंगभर बारीक काटे, पाने फिकट. वर्षभर ते अबोल पाहुण्यासारखे कोपऱ्यात उभे असे आणि शिमग्याच्या सुमारास काय ते फुले. फूल फिकट गुलाबी, पाकळ्या दाट, चुरगळलेल्या. पण सकाळी परसदार उघडले की समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यालाही त्याचा वास पुसता येत नसे. त्या पाकळ्या खडीसाखरेत घालून मी बरणी उन्हात ठेवी. वैशाखात साऱ्या घराला पुरेल इतका गुलकंद होई.

आईच्या दारचे मूळ झाड वाशिष्ठीच्या पुरात गेले, तेव्हापासून हे एकच उरले होते.

दिवाळीनंतर आई अंथरुणाला खिळली म्हणून मी माहेरी गेले. निघताना सासूबाई म्हणाल्या, "तू निर्धास्त जा गो. तांदळाचं धुवण रोज मी घालीन त्याला." आईला बोलताना धाप लागे. तरी तिने एकदा विचारले, "माझा गुलाब आहे ना गो? त्याची एक फांदी परत आणून लाव इथे." मी हो म्हटले. भावाने अंगणात खड्डा करून शेणखतही घालून ठेवले. आईने तो खड्डा खिडकीतून पाहिला. फांदी काही तिला पाहता आली नाही.

तिचे दिवस करून मी शिमग्याच्या तोंडावर रत्नागिरीला परतले. गाठोडे ओसरीवर टाकून तशीच परसात गेले. वास आला नाही.

गुलाबाच्या जागी गुडघाभर खुंट होता. त्यावर केळीच्या सोपटाने बांधलेला सांधा, आणि सांध्यातून निघालेल्या गर्द फांदीवर एक लालभडक, टपोरे फूल. मी नाक अगदी जवळ नेले. पाकळी गार लागली, एवढेच.

आमचे यजमान हापूसची कलमे बांधणारे. रायवळ आंब्याचे रोप म्हणजे त्यांच्या लेखी केवळ मूळ. वरचा शेंडा उडवायचा आणि हापूस चढवायचा. मुंबईच्या कोणा स्नेह्याने विलायती गुलाबाची काडी दिली, तेव्हा त्यांचा हात अडखळला नाही.

"बारमाही फुलेल आता," मागे येऊन ते म्हणाले. स्वर बक्षीस देणाऱ्याचा होता.

"आईचा गुलाब कुठे आहे?"

"हा काय. मूळ तुझ्या आईचंच आहे. वरचं तेवढं बदललं."

मी सासूबाईंकडे पाहिले.

"धुवण रोज घातलं हो मी," त्या म्हणाल्या. "आणि देवाला रोज फूल मिळतंय. एरवी शिमगा सरला की माझी परडी रिकामी."

"तुम्ही त्यांना थांबवलं नाहीत?"

"झाड मारलं का त्याने?"

त्यांनी शब्द पाळला होता. खुंटाखालची माती ओली होती. छाटलेल्या फांद्या न्हाणीच्या चुलीत गेल्या होत्या, आणि त्यांवर तापलेल्या पाण्याने घर न्हाले होते.

काही दिवसांनी सांध्याच्या खाली एक फिकट, काटेरी कोंब फुटला. आईची चाल दुरून ओळखावी तसा तो मी ओळखला.

"एवढा राहू द्या," मी म्हटले. "जरा जून झाला की चिपळूणला नेऊन लावते. आईला कबूल केलंय."

"खालची फूट ठेवली तर वरचं मरतं," शिकाऊ माणसाला सांगावे तसे ते म्हणाले, आणि बोलता बोलताच तो कोंब नखाने खुडला. करवंटीत माती भरून मी तो लावला. संध्याकाळपर्यंत त्याने मान टाकली. बागेत जाण्याआधी सांधे तपासायचे ही त्यांची रोजची रीत. पुन्हा कोंब आला, पुन्हा खुडला गेला. शेवटी खुंटानेच नाद सोडला. माहेरच्या अंगणातला खड्डा तसाच उघडा राहिला.

वैशाखात एकदा पानावर बसल्या बसल्या यजमानांनी विचारले, "यंदा गुलकंद नाही केलास?"

"या फुलांचा होत नाही."

"का बरं?"

"मूळ आईचंच आहे ना," मी म्हटले, "त्याचा करून बघते."

ते मनापासून हसले. सासूबाईंनाही हसू आले. मी ताक वाढले.