पोपटी पापुद्रा

...तर हरिबा शिडीवर चढला आणि खरवडायचा पत्रा हातात घेतला, इथवर आपण काल आलो होतो, आणि मधेच चहा आला. शिडी बांबूची, हरिबाच्या बापाच्या हातची. तिची तिसरी पायरी कलती, ती सोडून चढायचं हे हरिबाच्या पायांना पाठ होतं, खाली उभ्या तिघांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते उगाच धास्तावले.

तिघं कोण, ते काल नसलेल्यांसाठी पुन्हा सांगतो. एक अंबिका. बिदरच्या किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर तिचं दुकान. बाप काशप्पा तिथं किराणा विकायचा, त्याच्यामागं हिनं मोबाईलची एजन्सी धरली. दुसरा कंपनीचा माणूस विजयेंद्र. त्याची अट एकच: दुकान वरपासून खालपर्यंत कंपनीच्या पोपटी रंगात पाहिजे, तेही पहिल्या तारखेच्या आत, नाहीतर एजन्सी नौबादच्या दुकानाला. तिसरे मुकुंदराव, ड्रॉइंगचे निवृत्त मास्तर. नगरसभेनं या रस्त्यासाठी समिती नेमली होती, तिचे हे प्रमुख. समितीचं म्हणणं, इथल्या भिंतींवर कंपन्यांचे भडक रंग नकोत, भिंत खरवडून जो जुना रंग निघेल तोच द्यावा.

खरवडायला हरिबालाच बोलावलं, कारण ठाणाकुशनूरहून आलेला हा माणूस चाळीस-बेचाळीस वर्षं या रस्त्याला चुना देत होता. त्याची रीत ठरलेली. ओल्या भिंतीवर कुणाचा होकार घ्यायचा नाही. चुना ओला असताना एक दिसतो, वाळला की दुसराच. "वाळू द्या, मग बोला," म्हणायचा. लेकीला पाहायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यानं हेच सांगितलं होतं म्हणे.

असो. पत्रा फिरू लागला. आधी गुलाबी डिस्टेंपर सुटला, मग पांढरा चुना, आणि तळहाताएवढ्या जागेत खालून निघाला हिरवा. हिरवा कसला, चक्क पोपटी.

विजयेंद्रनं खिशातलं रंगाचं कार्ड काढून वर धरलं. उन्नीस-बीसचा फरक.

"बघा सर," अंबिका म्हणाली, "माझ्या दुकानाचा जुना रंगच ह्यो हाय."

मुकुंदरावांनी चष्मा पुसला, वही उघडली. "नवल आहे. निजामाच्या काळातला असेल. काय हरिबा, किती जुना वाटतो?"

हरिबा कुंच्याच्या रेघा बघत होता. सगळ्या उलट्या बाजूला तिरप्या गेलेल्या. हरिबा डावरा. डावऱ्याचा कुंचा तसाच जातो, आणि या रस्त्यावर दुसरा डावरा रंगारी कधी झालाच नाही.

हा रंग दिला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. एका बिडी कंपनीची जीप रंगाचे डबे घेऊन आली, हरिबाकडून ओळीनं सात दुकानं पोपटी करून घेऊन गेली, प्रत्येकाला एकेक कॅलेंडर देऊन. काशप्पानं शिडी धरली होती. "अण्णा, लई उठून दिसायलंय की रे," म्हणून दिवसभर रस्त्याच्या पल्याड जाऊन जाऊन बघत होता. पुढं कंपनी बुडाली, आणि पोपटीवर पांढरा फिरवणाराही हरिबाच.

खाली काशप्पाची लेक मान वर करून उभी होती. गप्प राहिलं की झालं, वहीत निजाम लिहिला जाणार होता. हरिबानं पत्रा धोतराला पुसला.

"लिहू नका सर. हा निजामाचा न्हाई, माझा हाय," तो म्हणाला, आणि जीपपासून कॅलेंडरपर्यंत सगळं सांगितलं. मग आणखी खरवडलं. खाली गेरू निघाला, किल्ल्याच्या दगडासारखा तांबूस.

मुकुंदरावांनी गेरू लिहिला. अंबिका तडक आत गेली.

विजयेंद्र वाईट माणूस नव्हता. त्यानं फोटो काढून वर पाठवले, पण पहिली तारीख आली आणि गेली, तरी निरोप नाही. त्या दिवसांत हरिबा रोज दुकानावरून जायचा, आणि एरवी "मामा, च्या घ्या" म्हणणारी पोरगी मोबाईलमध्ये डोकं घालून बसायची. पाचव्या दिवशी कंपनीचा निरोप आला: पाटी आणि शटर पोपटी असलं तर भिंत गेरूची चालेल.

भिंतीला दुसरा हात देत असताना अंबिका चहा घेऊन बाहेर आली. पेला शिडीच्या पायरीवर ठेवला, नेमका तिसऱ्या. कलंडला. ती पुन्हा आत गेली, दुसरा आणला, या वेळी हातात दिला.

"मामा, एक विचारू? कामून बोललात त्या दिशी? एजन्सी गेली असती तर?"

हरिबानं चहा संपवला, पेला परत दिला.

"गेली असती तर तू जन्मभर माझ्याशी बोलली नसतीस, आनि मला ते सोसावं लागलं असतं. पन बाई, शिडी तुझ्या बापानं धरली होती. मी त्याला निजामाच्या काळात कसा ढकलू?"