शुद्धलेखनाची लस

संघप्रियाचं काम बोरीत कुणालाच नीट कळलं नव्हतं. खोटे मेसेज कसे पसरतात याचं गणित ती पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत संगणकावर मांडायची, आणि ते वाचताना मेंदूत काय हालचाल होते हे तारांच्या टोपीनं मोजायची. गावात त्याचं झालं, ‘गुरुजींची पोरगी डोकी तपासती.’ तेवढ्यावर एक स्थळ परत गेलं. तिची आई गीताबाई आठवडाभर बोलली नाही; संघप्रियाचं मात्र त्या आठवड्यात बरंच काम झालं.

वडील रंगनाथ, निवृत्त मराठीचे शिक्षक, चौदा ग्रुपांचे सदस्य. उन्हाळ्यात ती टोपी घेऊन घरी आली आणि पहिला नंबर त्यांचा लावला. चाळीस मेसेज वाचून झाले. पडद्यावर एवढ्या मोठ्या लाटा उठल्या की तिला शोध लागल्यासारखं वाटलं. मग कळलं, गुरुजी सुपारी चघळत होते. जबडा हलला की मेंदूची बारीक नोंद बुडून जाते. दोन दिवस तिनं सुपारीचाच अभ्यास केला होता.

त्याच महिन्यात गावातल्या दत्तरावांच्या सात शेळ्या साथीत मेल्या. सरकारी लस फुकट होती, पण दत्तरावांनी टोचू दिली नव्हती. लसीनं गाभण शेळ्या गाभडतात, असा मेसेज गावभर फिरला होता. गावातल्या ग्रुपांचे मेसेज संघप्रियानं लोकांना विचारून अभ्यासासाठी आधीच गोळा केले होते. ती मेसेजचा माग काढत मागं गेली.

मूळ मेसेज कुठल्यातरी परजिल्ह्यातल्या ग्रुपवरून आलेला, ओळीगणिक चुकांचा. तो पाच-सहा जणांत फिरून विझला होता. मग सतरा नंबरच्या माणसानं तोच मजकूर ऱ्हस्व-दीर्घ सुधारून, खाली ‘खात्रीलायक’ असं लिहून चार मिनिटांत चौदा ग्रुपांवर टाकला, आणि तिथून तो पेटला. अभ्यासात नावांऐवजी नंबर होते. सतरा कोण, हे पाहायला तिला यादी उघडायची गरज पडली नाही. तरी तिनं उघडली.

एक दिवस तिनं जाऊ दिला. मग वडिलांसमोर संगणक ठेवला.

“मी लिहिलं न्हाई, संघा. फक्त पुढं ढकललं.”

“पप्पा, ‘खात्रीलायक’ कुणी लिहिलं?”

गुरुजींनी चष्मा पुसला. मग तीन पानी जाहीर खुलासा लिहिला, ‘विनम्र निवेदन’पासून. तो चौदाही ग्रुपांवर टाकला; अकरा जणांनी उघडला. शेळ्या राखणाऱ्या धोंडीबानं तर गुरुजींचा फोन कुणीतरी चोरलाय, असं ठरवून टाकलं.

शेवटी ते चालत दत्तरावांकडे गेले. संघप्रिया सोबत होती. त्यांनी चूक सांगितली, सबब दिली नाही. दत्तराव शेळ्यांची रिकामी दावी गुंडाळू लागले.

“मेसेज दुसऱ्या कुणाचा असता तर पुसून टाकला असता,” ते म्हणाले. “तुमचं मराठी लय शुद्ध, गुरुजी. म्हणून मानलं.”

 घरी येऊन गुरुजी तेरा ग्रुपांतून बाहेर पडले. चौदावा नातेवाइकांचा होता; तिथून सुटका नव्हती.

धोंडीबाच्या शेळ्यांना मात्र काहीच झालं नाही, आणि ‘बघा, बिनलशीच्या जगल्या,’ असं तो सांगत फिरू लागला. संघप्रिया चौकशीला गेली, तर त्याची बायको कोंडाबाई तिला गोठ्यामागं घेऊन गेली. लस द्यायला जनावरांचे डॉक्टर आले त्या दिवशी धोंडीबा बाजारात होता. कोंडाबाईनं सगळ्या शेळ्या टोचून घेतल्या होत्या.

“तुम्हाला मेसेज कळला नव्हता का, मावशी?”

“मला फोन कुठं हाय? ह्यांना सांगू नको. ह्यांचं ग्यान चालू दे.”

पुढच्या लसीकरणाआधी, धोंडीबा शेळ्या घेऊन रानात गेला की, कोंडाबाई गुरुजींना घेऊन दारोदार फिरायची. बोलायचं तिनंच, गुरुजींनी फक्त मान हलवायची, असं ठरलं होतं. चव्वेचाळीस घरांनी शेळ्या टोचून घेतल्या.

संघप्रियाच्या शोधनिबंधात गावाचा नकाशा आहे, कुणाचा मेसेज कुणाकडं गेला याच्या हजारो रेघांचा. कोंडाबाईचा ठिपका त्यात नाही, कारण ती ऑनलाइन नाही. तळटीपेत संघप्रियानं हे स्वच्छ लिहिलं. परीक्षकानं शेरा मारला, ही टीप अनावश्यक वाटते. तिनं ती काढली नाही.