बाईंचं एक ‘छान’

अख्ख्या परळमध्ये खोटं न बोलणारं माणूस एकच होतं, आणि ते नेमकं माझ्या समोरच्या खोलीत राहावं, हे माझं नशीब! आमच्या चर्चच्या संडे स्कूलच्या बाई. मी त्याच मंडळीतला हौशी उपदेशक. आवाज खणखणीत, दाखले तयार, कुठे थांबायचं आणि कुठे गहिवरायचं हे आरशासमोर पक्कं केलेलं. उपासना संपली की दारात सगळे हात धरून म्हणायचे, "छान बोललात हो भाऊ!" बाई तेवढ्या "येते" म्हणून निघून जायच्या. जीव नुसता जळायचा.

कारण मनात नसेल ते बाई बोलायच्याच नाहीत. आपण कुणालाही "तुमच्यासाठी प्रार्थना करीन हं" म्हणतो आणि जिना उतरेपर्यंत विसरतो. बाईंनी विसरायला जागाच ठेवली नव्हती. लालबागच्या मसाला गल्लीत एका ओळखीच्या सासूने सून दवाखान्यात असल्याचं सांगितलं, तर बाईंनी तिथेच डोळे मिटले. गिरणीत मिरची कुटली जात होती, दोघी शिंकत होत्या, मागून हातगाडीवाला "ओ मावशी, साइड!" म्हणून ओरडत होता, पण आमेनपर्यंत बाई हलल्या नाहीत. मीही तिथेच पिशवी घेऊन उभा होतो. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, आणि म्हणे उपदेशक मी!

शिकवण्याची तऱ्हाही तीच. स्वतः केलं नाही ते मुलांना सांगायचं नाही. शेजाऱ्यांवर प्रेम करण्याचा धडा त्यांनी कितीतरी रविवार पुढे ढकलला, का तर वरच्या मजल्यावरच्यांशी कुत्र्यावरून त्यांचं स्वतःचं भांडण चालू होतं. बरं, कौतुक करायच्या नाहीत असंही नाही. एकदा एक अबोल गृहस्थ अडखळत, घाम पुसत दोन वाक्यांची प्रार्थना म्हणाले, तर बाई उठून त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "छान बोललात." त्यांना! घरी येऊन मी बायकोशी विनाकारण भांडलो.

मग आला तो गुड फ्रायडे. येशूचे वधस्तंभावरचे शेवटचे सात उद्गार सात जणांनी उलगडून सांगायचे, ही आमची रीत. पहिला, क्षमेचा, वर्षानुवर्षं माझा. त्या वर्षी पाळकसाहेबांनी तो बाईंना दिला आणि मला ढकललं सातव्यावर. तोवर उपाशी मंडळींचं लक्ष घड्याळाकडे लागलेलं असतं. बाई उभ्या राहिल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "क्षमेवर मी काय बोलू? भोईवाड्याला माझी धाकटी जाऊ राहते. सासूबाईंच्या आजारपणात वाजलं, तेव्हापासून मी तिच्याशी बोललेली नाही. आधी तिच्याकडे जाऊन येते." आणि खरंच, भर उन्हात छत्री उघडून चालू लागल्या! पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत सुरू करायला लावलं. मला आतून काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू!

त्या गुदगुल्या सातव्या उद्गारापर्यंतच टिकल्या. मी ऐन रंगात आलो होतो, गहिवरायची जागा जवळ आली होती, तोच मागचं दार करकरलं. बाई आणि त्यांची जाऊ. दोघींचे डोळे रडून सुजलेले, हातात हात. शेवटच्या बाकावर बसल्या. सगळ्या माना मागे वळल्या आणि माझा गहिवर घशातच राहिला. बाहेर आल्यावर लाज सोडून मी विचारलंच, "बाई, कसं झालं माझं?"

"ऐकलंच नाही हो भाऊ," बाई म्हणाल्या. "माझं सगळं लक्ष हिच्याकडे."

पुढे आमची चाळ पाडायची ठरली. जावेच्या मुलाने विरारला जागा घेतली होती, बाई तिकडे निघाल्या. सामान टेम्पोत चढत होतं. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी पुढे झालो. "बाई, इतक्या वर्षांत माझं एकही बोलणं तुम्हाला आवडलं नाही?"

बाई विचार करू लागल्या. टेम्पोवाल्याने हॉर्न मारला, तरी त्यांचा विचार चालूच.

"एक आवडलं," शेवटी म्हणाल्या. "तुमच्या आईच्या मातीला, कब्रस्तानात, तुम्ही बोलायला उभे राहिलात. नुसतं ‘आई’ म्हणालात आणि रडत खाली बसलात. भाऊ, ते छान बोललात."

पहिला उद्गार आता पुन्हा माझ्याकडे आला आहे. दारात सगळे हात धरून "छान" म्हणतात. त्यांचं काय, ते सगळ्यांनाच म्हणतात.