उलट्या बाजूनं उघडलेलं इंग्रजी

मंडळी, आज दुपारी माझी पणती सई इंग्रजीचं पुस्तक मिटून बसली. "आबा, कुठं 'रीडिंग' अन् कुठं 'टू रीड', मला कळायलंच न्हाई. उद्या पेपरला जायचंच न्हाई मला."

मला मानवतची शाळा आठवली. निजामाचं राज्य, सगळं शिकणं उर्दूत. उर्दू पुस्तक आपल्या उलट बाजूनं उघडतात. त्याच सवयीनं मी इंग्रजी व्याकरणाचं पहिलं पुस्तकही मागूनच उघडलं. पुढ्यात आला शेवटचा धडा, नेमका हाच, 'रीडिंग' अन् 'टू रीड'चा.

वर्ग लय हसला. उस्ताद मात्र म्हणाले, "पीछे से शुरू करे? करो मियाँ, रुको नक्को." आधी तोच धडा घोकून घेतला. मग बाकीचं पुस्तक सोपंच गेलं.

सईला म्हटलं, "नियम राहू दे. 'एन्जॉय रीडिंग', 'वाँट टू रीड', अशा जोड्या मोठ्यानं म्हण." संध्याकाळपर्यंत दोघं म्हणत बसलो. नातसून वैतागली.

आत्ता जेवताना सई म्हणाली, "आबा, उद्या पेपर शेवटच्या प्रश्नापासून सोडवला तर चालंल का?"

मी हो म्हटलंय. तुमच्यापैकी कोण कोण असं उलट्या बाजूनं सुरू करून पोचलंय? सकाळी सई निघण्याआधी तुमची उत्तरं तिला वाचून दाखवीन.